कापडी पट आणि मोबाइलवरचा लूडो: काही महिने दोन्ही खेळल्यावर

गेल्या दिवाळीआधी जळगावात एका प्रदर्शनातून कापडी पट घेतला, साडेसहाशेला. एका बाजूला चौपट हा जुना सोंगट्यांचा खेळ, दुसऱ्या बाजूला चल्लस-आठ, सोबत सोळा लाकडी सोंगट्या, कवड्या आणि नियमांचा एक कागद. लूडो घरातल्या प्रत्येक फोनमध्ये होताच. आता आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, होऊन गेली, दोन्हींवर भरपूर डाव झालेत, म्हणून लिहायला बसले.

चौपटीची बाजू आमच्याकडे फारशी उघडलीच नाही. डाव संपता संपत नाही आणि स्वयंपाकाची वेळ होते. चल्लस-आठ मात्र चालला. पंचवीस घरं: बाहेरच्या फेरीत सोळा, आतल्या फेरीत आठ, मधलं एक. बाहेर एका दिशेने फिरायचं, आत शिरलं की उलट्या. मुलगा बघताक्षणी म्हणाला, "ही तर लूडोची कॉपी." त्याला म्हटलं, उलटं आहे बाबा. चौपटीच्याच जातीच्या आपल्या पचिसीवरून इंग्रजांनी लूडो बेतला, तिकडे १८९६ साली त्याचं पेटंट घेतलं. इतिहास ऐकून तो काही खेळायला बसला नाही. लाईट गेली आणि फोनची बॅटरी उतरली, तेव्हा बसला.

खरी गंमत कवड्यांत आहे. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकी घरं. चारी उताण्या तर चार, चारी पालथ्या तर आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं. वहीत मांडून पाहिलं तर सोळा वेळा टाकल्यावर साधारण दोनदा जादा डाव यायला हवा. लूडोतला सहा त्यापेक्षा लवकर पडतो, सहातून एकदा. पण हा हिशोब कवडीला कोणी सांगायचा? तिची एक बाजू फुगीर, दुसरी चपटी, त्यामुळे प्रत्येकीचा कल वेगळा. आमच्यातली एक पिवळट कवडी बहुतेक वेळा उताणीच पडते. सासूबाईंनी ते लगेच हेरलं आणि आता खेळ सुरू व्हायच्या आधी कोणत्या चार घ्यायच्या यावरच दहा मिनिटं जातात. शिवाय सासूबाई कवड्या मुठीत खुळखुळवून अगदी खालून सोडतात. तसं सोडलेलं चालतं की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही.

फोनवरचा फासा मुद्दाम सहा पाडत नाही, असा संशय आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. पण संशय घेऊन भांडणार कोणाशी?

नियमांचंही तेच. माझं माहेर शहाद्याकडचं, सासूबाईंचं अमळनेरकडचं. आमच्याकडे समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही. मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमना गावमा असं नही खेळतस." सोबतच्या कागदावर तिसरंच काहीतरी, तेही अशा मराठीत की दोनदा वाचूनही कळू नये. शेवटी आम्हीच ठरवलं: मारल्याशिवाय आत नाही, पण सगळ्यात लहान खेळाडूला सूट. ॲपमध्ये नियम आधीच बसवलेले, वर वेळ संपत आल्याची टिकटिक. जरा विचार करत बसलं की आपली खेळी तेच खेळून टाकतं! मला पट आवडला तो या ठरवाठरवीमुळे. अर्धा डाव तर तिथेच होतो.

म्हणून जुने खेळ सात्त्विक आणि मोबाइल वाईट, असं मी म्हणणार नाही. निदान खान्देशात तरी कोणी म्हणू नये. आखाजीला ओट्याओट्यावर पैसे लावून पत्ते कुटले जातात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. उलट पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा तरी केला.

आणि फोन काढून टाकणंही आम्हाला परवडणारं नाही. नणंद सुरतेला असते, आपल्याकडच्या कितीतरी घरांसारखंच. रात्री जेवणं आटोपली की ती ॲपमधल्या खोलीचा कोड पाठवते आणि मायलेकी लूडो खेळतात. एरवीचा "काय जेवलीस, बरी आहेस ना" एवढ्यावर संपणारा फोन आता तासभर चालतो. मध्ये मध्ये येणाऱ्या जाहिरातींनी मात्र जीव नको होतो. सासूबाईंना बंद करायची ती बारीक फुली दिसत नाही, मग भलतंच काहीतरी उघडतं.

पटाची सरशी उन्हाळ्यात. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, नणंद आखाजीला माहेरी आलेली. त्या दिवसांत पट गुंडाळून ठेवलाच नाही. शाळा सुरू असताना मात्र चौघं एका वेळी रिकामी सापडणं कठीण, तेव्हा आठवडेच्या आठवडे तो कपाटात पडून असतो.

वस्तू म्हणून तक्रारी आहेत. कापड पातळ, पंख्याखाली टोकं उडतात, चार कोपऱ्यांवर तांब्या-डबे ठेवावे लागतात. पिवळी आणि केशरी सोंगटी बॅटरीच्या उजेडात ओळखू येत नाहीत. आम्ही पिवळ्यांना वरून काजळाचा ठिपका दिला. पट धुतल्यावर लाल रंग थोडा फुटला, म्हणून आता नुसता झटकून ठेवते. सोंगट्यांना मात्र नाव ठेवायला जागा नाही, इतक्या आपटल्या तरी एकीचाही टवका उडालेला नाही.

घेणार असाल तर दुकानातच पिशवी उघडून कवड्या हातात घेऊन बघा. आमच्या संचात दोन प्लॅस्टिकच्या निघाल्या, त्या फरशीवर टाकल्या की उडून सोफ्याखाली जातात. खऱ्या कवड्या पूजेच्या सामानाच्या दुकानात सुट्या मिळतात. जरा मोठ्या, जड बघून सात-आठ जास्तीच्या आणा, म्हणजे निवडायला वाव राहतो.