कर्जरोख्यांवरील कसर: समान हप्ता की प्रभावी व्याज?

दर्शनी किंमत 1,00,000 रुपये, व्याजदर 8 टक्के आणि मुदत 3 वर्षे असलेले कर्जरोखे बाजारातील दर 10 टक्के असताना काढले, तर हाती सुमारे 95,026 रुपयेच येतात. उरलेली 4,974 रुपयांची कसर, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा कमी मिळालेली रक्कम, हे खरे तर मुदतीअखेर चुकवायचे व्याजच असते, म्हणून ती तीन वर्षांच्या खर्चात वाटली जाते.

समान हप्ता पद्धतीत दरवर्षी 1,658 रुपये कसर खर्ची पडते आणि रोखीच्या 8,000 रुपयांसह एकूण व्याजखर्च 9,658 रुपयांवर स्थिर राहतो. हिशोब सोपा आहे, पण वर्षारंभीच्या पुस्तकी कर्जाशी (हिशोबात दिसणारे कर्ज, जे खर्ची पडलेल्या कसरीइतके दरवर्षी वाढते) ताडून पाहिल्यास खर्चाचा दर पहिल्या वर्षी 10.16 टक्के, तर तिसऱ्या वर्षी 9.82 टक्के दिसतो, आणि कराराची एकही अट बदललेली नसताना कर्ज स्वस्त झाल्याचा हा भास मला गंभीर दोष वाटतो.

प्रभावी व्याज पद्धतीत वर्षारंभीच्या पुस्तकी रकमेवर 10 टक्के आकारून त्यातून रोखीने दिलेले 8,000 रुपये वजा करतात, त्यामुळे कसर अनुक्रमे 1,503, 1,653 आणि 1,818 रुपये अशी वाढत जाते आणि दर तिन्ही वर्षे अढळ राहतो. अधिमूल्याने, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा जास्त रकमेला, काढलेल्या रोख्यांत हीच पद्धत पुस्तकी कर्ज व व्याजखर्च दरवर्षी घटवत नेते. परिशोधित मूल्यावर (कसर किंवा अधिमूल्य मुदतभर वाटत नेऊन येणाऱ्या पुस्तकी रकमेवर) मोजल्या जाणाऱ्या कर्जांसाठी इंड एएस 109 हे भारतीय लेखा मानक हीच पद्धत बंधनकारक करते, आणि ते योग्यच आहे.