आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्डला 550 वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) पुरे, की 650 घ्यावा?

कागदावर 550 पुरतो. 3060 साठी एनव्हिडियाही तेवढाच सांगते. कार्ड 170 वॅट, माझा रायझन 5 5600 प्रोसेसर पूर्ण जोरात 76 च्या आसपास, बाकी सगळं धरलं तरी तीनशेच्या आत. म्हणून मी आधी 550 ब्रॉन्झ एसएमपीएस घेतला (ब्रॉन्झ, गोल्ड हे वीज किती कमी वाया जाते याचे 80 प्लसचे दर्जे, गोल्ड वरचा). एरवी तो कशातच कमी पडला नाही.

कमी पडला तो लाइट जाताना. आमच्या भुसावळच्या घरी इन्व्हर्टर आहे. तो बॅटरीवर येईपर्यंत छताचा पंखा मंदावतही नाही, पण पीसी तेवढ्यात रिस्टार्ट. नुसता ब्राउझर उघडा असला तर काही होत नसे, रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढणं) चालू असला की हमखास. एका लग्नाचा व्हिडिओ मे महिन्यात तिसऱ्यांदा पहिल्यापासून लावला, तेव्हा डोकं धरून बसलो.

लाइट गेल्यावर एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर पीसीला काही मिलिसेकंदच तगवतो, आणि लोड जास्त असेल तर तो लवकर रिकामा होतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, म्हणजे जास्त झटपट बॅटरीवर जाणाऱ्या सेटिंगवर, टाकून पाहिला. रिस्टार्ट थांबले, पण संध्याकाळी गल्लीतले कुलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि या मोडमध्ये तो लाइट असतानाच बॅटरीवर जातो. रात्री खरोखर लाइट गेली तेव्हा बॅटरी उतरलेली, आई उकाड्यात जागी. मोड परत नॉर्मलवर केला.

मग जळगावला गोलाणी मार्केटमधून 650 गोल्ड आणला, दीड हजार जास्त देऊन. घेताना वॅटपेक्षा होल्ड-अप टाइम, म्हणजे लाइट गेल्यावर तो पीसीला किती मिलिसेकंद तगवतो, ते बघितलं. सगळ्याच 650 मध्ये मोठा कपॅसिटर असतो असं नाही. तेव्हापासून दोन उन्हाळे झाले, रेंडर चालू असताना लाइट गेली तरी पीसी चालूच राहतो. गोल्डमुळे कॅबिनेटमागची गरम हवाही थोडी कमी वाटते. 80 प्लसची चाचणी 23 अंशांवर होते, आपल्याकडे दुपारी खोलीतच चाळिशी गाठते, म्हणून मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

पीसीला स्वतंत्र चांगला यूपीएस असेल, किंवा कार्ड 115 वॅटचं 4060 असेल, तर 550 घ्यायला माझी हरकत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर 3060 चालवणार असाल तर मात्र मी 650 च सुचवेन. माझा जुना 550 आता भाच्याच्या पीसीत आहे. त्यात ग्राफिक्स कार्ड नाही, आणि त्याच भुसावळच्या लाइटवर तो एकदाही बंद पडलेला नाही.