कर्जत ते लोणावळा, चार फेऱ्यांत: भोसरीच्या एका सीएनसी वर्कशॉपच्या कामाचा अनुभव

आमच्या मॉडेल रेल्वे मंडळाचा दुमजली लेआउट, म्हणजे छोट्या गाड्या धावणारा रेल्वेचा देखावा, गेली तीन वर्षे सहकारनगरमधील एका सभासदाच्या बंगल्याच्या तळमजल्यावर आकार घेत आहे. आमच्यापैकी बहुतेकांना हा नाद लागला तो कोथरूडच्या जोशी रेल्वे संग्रहालयामुळे. भाऊ जोशी यांनी उभारलेले हे छोटे शहर 1 एप्रिल 1998 पासून लोकांसाठी खुले आहे आणि आमच्यातल्या दोघातिघांनी तर शाळकरी वयात तिथल्या कठड्याला नाक लावून अनेक दुपारी काढल्या आहेत. आमचा लेआउट त्याच एचओ प्रमाणात, म्हणजे 1:87 मध्ये आहे. खालच्या मजल्यावर कर्जत, वरच्या मजल्यावर लोणावळा, आणि दोहोंच्या मधला बोरघाट खोलीच्या कोपऱ्यातल्या हेलिक्समध्ये, म्हणजे गोल जिन्यासारख्या फिरत वर जाणाऱ्या मार्गात बसवला आहे. या हेलिक्सचे प्लायवूड भोसरीच्या ज्या सीएनसी वर्कशॉपमधून (जिथे संगणकातल्या ड्रॉइंगवरून मशीन कापते) कापून घेतले, त्याच्या कामाविषयी हे लिहीत आहे. वर्कशॉपला दारावर पाटी नाही, कामे ओळखीतूनच येतात, आणि नाव छापू नये असे मालकांनी सांगितल्यामुळे ते देत नाही.

काम नाजूक का होते, हे आधी सांगायला हवे. दोन मजल्यांमध्ये 40 सेंटीमीटरचे अंतर आहे आणि ते चार फेऱ्यांत चढायचे, म्हणजे प्रत्येक फेरीला 10 सेंटीमीटर. बाहेरच्या मार्गाची त्रिज्या 765 मिलिमीटर आहे, त्यामुळे चढ साधारण 1:48 येतो, म्हणजे 48 मिलिमीटर पुढे गेल्यावर 1 मिलिमीटर वर. खऱ्या बोरघाटाचा चढ 1:37 आहे, तेव्हा कागदावर आमचा घाट सोपा दिसतो. पण सतत वळणावर राहिल्यामुळे चाकांचे जे घर्षण वाढते, ते मॉडेलकारांच्या अंदाजाने आणखी एक टक्का चढाएवढे असते, आणि ते धरले तर आमच्या इंजिनाला प्रत्यक्षात 1:32 च्या आसपासचा घाट ओढावा लागतो. घाटात तीन मार्ग आहेत. आम्ही जागेअभावी दोनच घेतले. आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात. म्हणून मुंबईहून येणारी डाऊन गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत चढवली, की तिला आपोआप बाहेरचा, अधिक त्रिज्येचा आणि कमी चढाचा मार्ग मिळतो, आणि उतरणारी गाडी आतल्या मार्गाने येते. एवढी एक गोष्ट आराखड्यातच ठरली नसती, तर पुढची सगळी कापाकापी चुकली असती.

पहिला प्रयत्न आम्ही एका ओळखीच्या सुताराकडून करून घेतला होता. त्याने जिगसॉने हाताने गोलाई कापली, साधी कमर्शियल प्लाय वापरली आणि तुकडे खालून पट्ट्या मारून जोडले. मे महिन्यात सारे ठीक वाटले. ऑगस्टमध्ये हवेतल्या ओलाव्याने प्लाय फुगली, सांध्यांवर जवळजवळ दोन मिलिमीटरची पायरी तयार झाली आणि डबे त्याच जागी पुन्हा पुन्हा घसरू लागले. ते सगळे काढून टाकावे लागले. त्यात गेलेल्या वर्षाचे दुःख मंडळातल्या प्रत्येकाला आहे.

भोसरीच्या मालकांकडे आम्ही ड्रॉइंगची फाइल घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी फाइल बाजूला ठेवून आधी विचारले, की यावरून नेमके काय धावणार आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही एक डबा आणि हातभर रूळ सोबत नेले. हेलिक्सचा बाहेरचा व्यास 1.62 मीटर आणि आठ बाय चार फुटी शीटची रुंदी 1.22 मीटर, त्यामुळे पूर्ण कडे एका तुकड्यात निघणे शक्यच नव्हते. आमचा बेत 60 अंशांच्या 48 फाकांचा होता: 6 मिलिमीटर प्लायचे दोन थर, वरच्या थराचा सांधा खालच्या फाकेच्या बरोबर मध्यावर, मध्ये गोंद. असे केले म्हणजे कुठेही दोन्ही थरांचा सांधा एकावर एक येत नाही आणि पायरी पडत नाही. या वेळी प्लाय आयएस 710 या मानकाची मरीन, म्हणजे ओलाव्याला टिकणारी, घेतली आणि ती टिंबर मार्केटमधून आम्हीच नेऊन दिली.

मालकांनी शीट टेबलावर टाकली, खिशातून व्हर्नियर काढला आणि चारही कोपऱ्यांवर मोजले. सहाची प्लाय 5.6 भरली. "सर, शीटवर सहा लिहिलंय म्हणून ती सहाची नसते. दोन थरांची खाच बाराची ठेवलीत, तर खालून हात लावला की सगळं डुगडुगेल." खरोखरच आमच्या ड्रॉइंगमध्ये आधाराच्या उभ्या पट्ट्यांमधील खाचा 12 मिलिमीटरच्या होत्या. दोन थर मिळून 11.2 होत होते. त्यांनी एका रद्दी तुकड्यात 11.2, 11.5 आणि 11.8 अशा तीन खाचा कापून दाखवल्या, गोंद आणि रंगाची जाडी धरून 11.5 सुचवली, आणि ती बसवून पाहिल्यावरच फाइल बदलायला लावली. मशीनच्या गोल बिटमुळे, म्हणजे फिरत्या पात्यामुळे, खाचेचे आतले कोपरे गोलसर राहतात आणि प्लायचा काटकोनी कोपरा त्यात अडतो, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात बारीक कान, म्हणजे जादा गोल खोबण, काढण्याची सूचनाही त्यांचीच. ही दोन कामे त्यांनी आपणहून केली नसती, तर आम्ही आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या मिळून 24 पट्ट्या कानशीने घासत बसलो असतो.

कापाची कड स्वच्छ आहे, सालपटे उडालेली नाहीत, आणि जुळवताना फाकांमध्ये नख शिरेल एवढीही फट राहिली नाही. प्रत्येक पट्टीवर क्रमांक कोरून दिला होता, कारण खाचांची उंची एका पट्टीपासून पुढच्या पट्टीला 8.3 मिलिमीटरने वाढत जाते आणि नुसत्या डोळ्यांनी ती ओळखता येत नाही.

चूक झाली ती याच क्रमांकांत. बाहेरच्या बाजूच्या पट्ट्यांवर 7 आणि 8 हे आकडे एकमेकांच्या जागी कोरले गेले होते. गोंद लावण्याआधी आम्ही तात्पुरते रूळ टाकून मालगाडी चालवली, तेव्हा प्रत्येक फेरीत एकाच कोनावर डबे एका अंगाला कलायचे, आणि दुसऱ्या फेरीत शेवटचे चार डबे सुटून मागे घरंगळले. दुपारभर रूळच तपासत राहिलो. शेवटी स्पिरिट लेव्हल आडवी धरली तेव्हा उलगडा झाला. पट्ट्या अदलाबदल करताच गाडी सरळ गेली. मालकांना फोन केल्यावर त्यांनी चूक लगेच मान्य केली आणि नव्या पट्ट्या कापून देण्याची तयारी दाखवली, पण त्याची गरज उरली नव्हती. तरीही ज्यांना अशा क्रमांकित भागांचे काम द्यायचे आहे, त्यांनी ताब्यात घेतानाच सगळ्या पट्ट्या शेजारी उभ्या करून खाचांची चढण एका नजरेत पाहून घ्यावी.

आकारणी मशीन चाललेल्या तासांवर होते. आम्हाला ती सुताराच्या मजुरीच्या सुमारे दीडपट पडली आणि मला ती वाजवी वाटते. वेळेच्या बाबतीत मात्र सांगितलेल्या आठ दिवसांचे बावीस दिवस झाले, कारण फर्निचरच्या मोठ्या ऑर्डरी आल्या की छोटे काम मागे पडते. विचारल्याशिवाय कळवले जात नाही, ही माझी तक्रार आहे.

वायरिंगचे सामान तपकीर गल्लीतून आणून आता दोन्ही मार्ग सुरू झाले आहेत. ताशी 40 किलोमीटरच्या प्रमाणबद्ध वेगाने गाडी कर्जत सोडून हेलिक्समध्ये शिरते आणि अडीच मिनिटे दिसेनाशी होते. मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारे इंजिन, लावलेली मालगाडी वर लोणावळ्याला बाहेर पडेपर्यंत खोलीत कोणी बोलत नाही. वरच्या मजल्याच्या ब्रॅकेटचे काम याच वर्कशॉपला दिले आहे. या वेळी त्यांनी शीट आठ दिवस आधी आणून टाकायला सांगितली आहे, म्हणजे ती सपाट पडून राहील आणि कापण्याआधी तिचा बाक निघेल.