क्रेनियल नर्व्ह्जचं मॉडेल: जरूर घ्या, पण चौथी नर्व्ह तपासून

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मी ॲनाटॉमी शिकवते. कवटीचा तळ आणि तिथून बाहेर पडणाऱ्या नर्व्ह्जच्या (मज्जातंतूंच्या) १२ जोड्या, म्हणजेच क्रेनियल नर्व्ह्ज, ज्यांना पहिली ते बारावी असंही म्हणतात, हा मुलांना सगळ्यात जड जाणारा भाग. नावं सगळ्यांना पाठ असतात. पण अमुक नर्व्ह मेंदूच्या कुठल्या भागातून निघाली आणि कुठल्या भोकातून बाहेर पडली ते हाडावर दाखव म्हटलं, की बोट अडतं. चित्र सपाट असतं आणि नर्व्हची वाट वर-खाली, मागे-पुढे वळत जाते. म्हणून विभागासाठी हे मॉडेल मागवलं. कवटीचं वरचं झाकण उघडतं, आत ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) चुंबकावर बसतो, डाव्या बाजूचं टेम्पोरल हाड (कानाभोवतीचं) सुटं होतं आणि सोबत मणक्यांचा एक छोटा तुकडा येतो. वर्गात भरपूर वापरून झालंय, तेव्हा आता लिहिते.

आधी टेम्पोरल हाडाबद्दल, कारण पैसे तिथेच वसूल होतात. हाड उचललं की फेशियल नर्व्हची, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या सातवीची, पूर्ण वाट उघडी पडते. आठवीच्या (ऐकण्याच्या आणि तोलाच्या नर्व्हच्या) सोबतीने ती इंटर्नल अकूस्टिक मिएटस या हाडातल्या बोगद्यात शिरते, जेनिक्युलेट गँगलियनपाशी (नर्व्हवरच्या पेशींच्या पुंजक्यापाशी) एकदम मागे वळते, मधल्या कानाच्या भिंतीलगत जाते आणि मग खाली उतरून स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनमधून (फोरामेन म्हणजे हाडातलं भोक) बाहेर येते. वाटेत सुटणाऱ्या तिन्ही फांद्या इथे वेगवेगळ्या दिसतात: डोळ्यातल्या पाण्याची ग्रेटर पेट्रोसल, मधल्या कानातल्या स्टेपिडियस स्नायूकडे जाणारी बारीकशी फांदी आणि चवीची कॉर्डा टिम्पनी. या तिघी नीट कळल्या की चेहऱ्याचा लकवा झालेल्या पेशंटला काय काय विचारायचं ते आपोआप कळतं. इजा भोकाच्या बाहेर असेल तर फक्त चेहऱ्याचे स्नायू जातात. कॉर्डा टिम्पनीच्या वर असेल तर जिभेच्या त्या बाजूच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चवही जाते. स्टेपिडियसच्या फांदीच्या वर असेल तर त्या कानाला साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. त्याहून वर गेलात तर डोळ्यातलं पाणीसुद्धा कमी होतं.

मी मुलांना त्या हाडावर पेन्सिल आडवी धरायला सांगते आणि विचारते, इथे नर्व्ह तुटली तर काय जाईल? पेन्सिल जरा वर सरकवली की उत्तर बदलतं. एका मुलीने ती न सांगताच पार मिएटसपर्यंत नेली आणि म्हणाली, "मॅडम, इथे तर आठवीपण आहे. मग ऐकू कमी येईल ना?" येईलच. तिथे वाढणाऱ्या गाठीत बहुतेकदा ऐकण्याची तक्रारच आधी येते, चेहरा नंतर. हा प्रश्न फळ्यावरच्या आकृतीतून मला कधी कोणी विचारला नव्हता.

कॅव्हर्नस सायनसही (डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी असलेली रक्ताची पोकळी) एका बाजूने कापून दाखवलाय, आणि मन लावून केलाय. तिसरी, चौथी आणि पाचवीच्या पहिल्या दोन फांद्या बाजूच्या भिंतीत, तर सहावी आत, थेट कॅरोटिड धमनीला लागून. सायनसमध्ये काही बिघडलं तर सहावी आधी का दुखावते, ते बघताक्षणी पटतं. ॲक्सेसरीचा (अकरावीचा) मानेतला भाग फोरामेन मॅग्नममधून (कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून) वर चढून पुन्हा ज्युग्युलर फोरामेनमधून खाली उतरताना दाखवलाय, तोही बरोबर.

आता जे खटकलं ते. चौथी नर्व्ह, ट्रॉक्लिअर, डोळ्याचा एक स्नायू हलवणारी. बारा जणींत ही एकटीच ब्रेनस्टेमच्या मागून निघते, इन्फिरिअर कॉलिक्युलस या छोट्या उंचवट्याच्या खालून. बाहेर पडण्याआधीच डावीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे गेलेली असते, आणि मग मिडब्रेनला (ब्रेनस्टेमच्या वरच्या भागाला) वळसा घालून ती पुढे येते. सगळ्यात बारीक हीच, आणि कवटीच्या आतली वाट सगळ्यात लांब हिचीच. डोक्याला मार लागल्यावर ही का दुखावते, जिना उतरताना पेशंटला एका पायरीच्या दोन का दिसतात, हे समजवायला तो वळसा दिसायलाच हवा. या मॉडेलमध्ये ती तिसरीच्या शेजारून, सरळ पुढूनच काढली आहे. शिकवण्यासाठी बनवलेल्या वस्तूत हे चालणार नाही, कारण मूल जे हाताळतं तेच त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. आमच्याकडे पुढचा तुकडा कापून टाकलाय आणि मागून जाड पिवळा दोरा चिकटवलाय.

दुसरी तक्रार रंगाची. सगळ्या नर्व्ह्ज एकाच पिवळ्या रंगात. संवेदना नेणारी कोणती, स्नायू हलवणारी कोणती, कोणीत पॅरासिम्पथेटिक तंतू (लाळ, अश्रू अशी आपोआप होणारी कामं चालवणारे) आहेत, हे रंगाने दाखवणं अवघड नव्हतं. पहिल्या दोघी तर मुळात मेंदूचाच पुढे आलेला भाग. ऑप्टिकचं (दुसरीचं) मायलिन, म्हणजे तंतूंवरचं आवरण, ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी बनवतात, मेंदूत बनवतात तसंच, म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतलं हे आवरण खराब करणाऱ्या आजारात, ती दुखावते आणि हातापायाच्या नर्व्ह्ज सहसा सुटतात. शरीररचनाशास्त्रज्ञ सॉमरिंगने १७७८ मध्ये लावून दिलेल्या या १२ जोड्यांच्या यादीत या दोघी बसल्या त्या बसल्याच. निदान त्यांना वेगळा रंग द्यायचा.

मणक्यांच्या तुकड्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मणक्यातून निघणाऱ्या नर्व्हच्या मागच्या मुळावरचा गँगलियनचा फुगवटा ठसठशीत आहे, पुढची फांदी मोठी आणि मागची लहान हेही बरोबर. पण तुकडा कमरेचा दिलाय. मानेचा दिला असता तर मणके ७ आणि नर्व्ह्जच्या जोड्या ८ कशा, हा दर वर्षी अडणारा प्रश्न हातात धरून सुटला असता. मणक्यांतून निघणाऱ्या एकूण ३१ जोड्यांचा हिशेबही तिथेच चुकतो मुलांचा.

प्लॅस्टिक दणकट आहे, चुंबक अजून सैल झालेला नाही. फक्त पाचवीच्या मँडिब्युलर (खालच्या जबड्याच्या) फांदीचं टोक फोरामेन ओव्हेलच्या कडेला घासतं, ब्रेनस्टेम तिरका काढू नका.

मागवण्याआधी विक्रेत्याकडून ब्रेनस्टेमचा मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या. तिथे दोन बारीक दोर दिसले तर निःशंक घ्या. नाही दिसले, पण टेम्पोरल हाड सुटं होत असेल, तरीही घ्या. चौथी दोऱ्याने लावता येते, फेशियलची वाट घरी बनवता येत नाही.