ओळख करून देताना आधी काम सांगावं की छंद?

गेल्या महिन्यात भाची पुण्याहून कायमची कोल्हापूरला आली. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिलीय. आल्या आल्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरली. एक पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्यांचा, दुसरा इथल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा. दोन्हीकडं मजकूर एकच टाकला: "नमस्कार, मी सॉफ्टवेअर टेस्टर. सात वर्षांचा अनुभव. छंद वाचन, संगीत, प्रवास." दोन्हीकडून चार-चार जोडलेले हात आले आणि पुढं कुणी अवाक्षर काढलं नाही. रात्री जेवताना मला म्हणाली, "मामा, आता मी काय करतो, नोकरी काढून टाकतो का छंद?"

ताटावर बसून तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर मांडतोय. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, बावीस वर्षं साच्याची ओलसर वाळू (ग्रीन सँड) तपासतोय, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे कळंबा तलावावर पक्षी बघायला जातो. या दोन्ही ओळखी घेऊन मी अनोळखी माणसांत गेलोय. कुठली कुठं चालते आणि कुठं अंगावर येते, हे त्यातनंच कळलंय.

कामाची ओळख

काम सांगितलं की समोरच्याला तुमचा ठाव लागतो. आपल्याकडं भेटल्यावर पहिला प्रश्न "कुठलं पावणं?" आणि लगोलग दुसरा "काय करतासा?" त्यात भोचकपणा थोडा आणि सोय जास्त असते. या माणसाशी कशावर बोलायचं, अडीअडचणीला याला काय विचारता येईल, हे एका उत्तरात कळतं.

फौंड्रीवाल्यांच्या ग्रुपमध्ये गेलो तेव्हा मी एवढंच लिहिलं होतं: "मी ग्रीन सँड बघतो. मशीनचा आकडा यायच्या आधी अजूनही वाळू मुठीत दाबून बघतो. बोटांचे ठसे नीट उमटले आणि गोळा मोडल्यावर कडा ढासळल्या नाहीत, तर वाळू चांगली." तासाभरात गोकुळ शिरगावहून एकाचा फोन. आठवडाभर त्यांच्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या धातूत पोकळ्या, येत होते. बोलता बोलता निघालं की नवी वाळू उघड्यावर पडून पावसात भिजत होती आणि मिक्सरला पाणी मात्र रोजच्याच मापानं पडत होतं. वाळूत ओल जास्त झाली की ओतलेल्या धातूच्या आचेनं तिची वाफ होते. ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर धातूतच पोकळी करून बसते. फोनवर पंधरा मिनिटांत काम झालं. ते गृहस्थ आता घरी येतात, त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे होतो.

त्या ग्रुपमध्ये मी पक्ष्यांविषयी लिहिलं असतं तर हा फोन आला नसता. पण "क्वालिटी मॅनेजर" एवढंच लिहिलं असतं, तरीही आला नसता. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल मिळून असे मॅनेजर शेकड्यानं असतील. त्या माणसाला हुद्द्याचा उपयोग नव्हता, त्याला वाळू हातात घेणारा माणूस हवा होता.

आता दुसरी बाजू. पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये गेलो तेव्हा मी हीच चूक केली, हुद्दा लिहिला. दुसऱ्या दिवशी एकानं मुलाचा बायोडाटा पाठवला. ते ठीक, पोराला नोकरी लागावी असं कुणाला वाटणार नाही? पण सगळे मला "साहेब" म्हणायला लागले आणि तिथं बिघडलं. त्या हिवाळ्यात मी कळंब्याच्या काठावर शेपटी सतत वरखाली हलवणारा एक पक्षी बघितला आणि ग्रुपवर फोटोखाली "हिरवी तुतारी" असं ठोकून दिलं. कुणी काही बोललं नाही. पुढं तीन-चारदा तेच नाव लिहिलं, तरी कुणी बोललं नाही. मार्चमध्ये कॉलेजात शिकणारा एक पोरगा तलावावर भेटला आणि चाचरत म्हणाला, "साहेब, रागावणार नसाल तर सांगतो. ती साधी तुतारी आहे. खांद्यापाशी पंखाच्या पुढं पांढरा पट्टा वर चढलेला दिसतो बघा. हिरवी तुतारी उडाली की पाठीचा मागचा भाग पांढराफेक दिसतो." अख्खा हिवाळा मी चुकीचं नाव घेऊन फिरलो, आणि जाणकार माणसं आदरापोटी गप्प बसली. शिकायला गेलेल्या माणसाचं यापेक्षा मोठं नुकसान मला तरी ठाऊक नाही. त्या दिवसापासून मी त्या पोराला सांगितलंय, मला काका म्हण.

काही पेशांना वेगळाच त्रास होतो. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर बाई गाण्याच्या ग्रुपमध्ये आहेत. पेशा लिहिला आणि रात्री अकराला लोक रक्ताच्या रिपोर्टचे फोटो पाठवायला लागले. वकिलांचं, सीएंचं तेच. विमा एजंटाचं उलटं होतं. तो नुसता "सुप्रभात" म्हणाला तरी लोकांना पॉलिसीचा वास येतो, मग तो बिचारा कितीही छान गात असो.

छंदाची ओळख

छंद सांगितला की माणसं एका पायरीवर येतात. पन्हाळ्याच्या पुढच्या मसाई पठारावर चिखलात पाय रुतला की कलेक्टर आणि कारकून दोघांनाही दुसऱ्याचा हात धरावा लागतो. छंदातून येणारे प्रश्नही मोकळे असतात: कधीपासून, कुणाकडून शिकलात, पुढच्या वेळी मी येऊ का? कामाच्या ओळखीवर बहुतेक वेळा "अच्छा" एवढंच उत्तर मिळतं.

शिवाय छंद सोबत टिकतो. नोकऱ्या बदलतात, सुटतात, साठाव्या वर्षी तर संपतातच. ज्यांनी आयुष्यभर खुर्चीची ओळख सांगितली, त्यांची निवृत्तीनंतर नव्या माणसांत शिरताना फार ओढाताण होते. "निवृत्त अमुक" लिहितात आणि थांबतात. मी माझ्याच घरात हे बघितलंय, म्हणून पोटतिडकीनं सांगतोय.

आणि कामाचा रकानाच ज्यांच्या नावावर कोरा धरला जातो, त्यांचं काय? आमच्या शेजारच्या काकू गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये गेल्या. लिहिलं काय, तर "मी गृहिणी. विशेष काही नाही." दोन महिने त्या नुसत्या वाचत राहिल्या. मग कुणीतरी विचारलं, गावठी गुलाबावर कलम जगत नाही, काय करावं? काकूंनी उत्तर लिहिलं. रानगुलाबाच्या खोडाला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर कशी द्यायची, पात्याच्या टोकानं साल अलगद कशी उचलायची, डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, आत सरकवून पट्टी बांधताना त्याचं तोंड मोकळं कसं ठेवायचं. त्यांचा हात बसलेला आहे, वडिलांकडून शिकल्यात. आता रविवारी त्यांच्या गच्चीवर डोळा भरायला शिकायला लोक येतात आणि काकू त्यांना जिन्यात चपला नीट लावायला सांगतात. पहिल्याच दिवशी त्यांनी "मी गुलाबाला डोळा भरते" एवढे चार शब्द लिहिले असते, तर त्यांचे ते दोन गप्प महिने वाचले असते. अशा बाईनं "विशेष काही नाही" लिहावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

छंदाच्या ओळखीत खोट कुठं आहे? भाचीनं लिहिलं तिथंच. "वाचन, संगीत, प्रवास" हे लग्नाच्या बायोडाटातलं वाक्य आहे. ते कुणालाही लागू पडतं, म्हणून त्यावर काही विचारावंसं वाटत नाही. दुसरी खोट म्हणजे छंदातही हुद्दे तयार होतात. पक्षीवाल्यांत कुणाची लेन्स केवढी, सायकलवाल्यांत कुणाची सायकल केवढ्याची. तिथं सामान सांगून ओळख दिली की पुन्हा "साहेब" सुरू. आणि निव्वळ धंद्याच्या घोळक्यात छंद आधी लिहिला तर लोकांना वाटतं, याला कामाची घाई नाही. ऑर्डर शोधायला आलेल्या माणसानं हे ध्यानात ठेवावं.

आपल्या गावात ही दोन टोकं पूर्वीपासून एकमेकांत मिसळलेली आहेत. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता "पेंटर" हेच त्यांचं आडनाव होऊन बसलं, आणि पुढं त्यांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवून सिनेमे काढले. चंद्रकांत मांडरे लोकांना ठाऊक ते नट म्हणून, पण राजारामपुरीतल्या त्यांच्या घरात आज कलासंग्रहालय आहे. तिथल्या निसर्गचित्रांसमोर उभं राहिलं की नट म्हणावं की चित्रकार, हे ठरवता येत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिस ऑलिम्पिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. "टीसी" ही त्याची खरी ओळखच होती. पण नेमबाजांच्या घोळक्यात ती आधी कोण सांगेल?

पेठ, तालीम आणि आडनाव

कोल्हापुरात तिसरीही एक ओळख चालते. कुठल्या पेठेतला, कुठल्या तालमीचा? शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाटाकडील की दिलबहार, कुठल्या तालमीच्या संघाचा, एवढं पुरतं. मग कुणी कुणाची नोकरी विचारत नाही. ही ओळख उबदार आहे, पण आतल्या माणसांपुरती. बाहेरगावाहून आलेल्याला तिचा उपयोग नाही. शिवाय पेठ, गाव आणि आडनाव विचारून माणसाला कुठल्या खणात ठेवायचं ते ठरवणारेही असतात. ज्याला तो खण नको असेल त्यानं छंदापासून सुरुवात करावी. गुलाबाचा डोळा जगला की नाही, याचा आडनावाशी संबंध नसतो.

कंपनीचं नाव, घराचा पत्ता आणि "आठ दिवस घर बंद करून सहलीला चाललोय" या तीन गोष्टी कुठल्याच ओळखीत लिहू नयेत. फोनवरून फसवणारे हेच तुकडे जुळवतात. मुलींनी तर रोजची फिरायला जायची वेळ आणि रस्ताही लिहू नये.

मग ठरवायचं कसं?

माझं मत स्पष्ट आहे. माणसं कशासाठी जमलीत ते बघा, त्याला जे लागू पडतं ते आधी आणि दोन वाक्यांत लिहा. दुसरी बाजू शेवटी एका ओळीत. दोन्ही समान वजनानं लिहिलं की भाचीसारखं होतं, वाचणाऱ्याला धरायला कुठलंच टोक सापडत नाही. आणि अगदीच ठरत नसेल तर मी छंदाकडं झुकेन. छंदातून ओळख झालेल्या माणसाला माझं काम पुढं कळलंच. कामातून ओळख झालेल्या कित्येकांना मी पक्षी बघतो हे दहा वर्षांनीही ठाऊक नाही.

भाचीला विचारलं, "सात वर्षं तू नेमकं करतेस काय?" म्हणाली, "दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधतो." म्हटलं, एखादी सांग. तर पैसे भरायच्या पानावर अर्ध्यात मागं जाऊन पुन्हा बटण दाबलं की पैसे दोनदा कापले जात होते, ते हिनं रात्री दोनला पकडलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी हेच लिही म्हटलं. तिनं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघांनी आपापल्या अशाच चुका सांगितल्या.

छंदाचं मात्र बराच वेळ निघेना. वाचन कसलं, तर फोनवरचं. मग उठून आतून एक वही घेऊन आली. सुट्टीत यायची तेव्हा शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत फिरून जुन्या घरांची दारं साध्या बॉलपेननं काढलेली. पानं भरली होती. कडी-कोयंडे, गणेशपट्टी, एका उंबऱ्याला मधोमध झिजून पडलेला खळगा. पेन इतकं दाबून फिरवलेलं की पानाच्या मागच्या बाजूला बोटाला चौकट लागत होती. सात वर्षांत ही वही तिनं कुणाला दाखवली नव्हती.

पावनखिंडवाल्यांना तिनं रात्रीच पाठवलं: "मी जुन्या घरांची दारं पेननं काढतो. पन्हाळ्यापासून पुढच्या वाड्यावस्त्यांवर कुठं जुनं दार असेल तर वाटेत दहा मिनिटं थांबू देणार का? एरवी घरून सॉफ्टवेअरचं काम करतो."

सकाळी सातला एका आजोबांचं उत्तर आलं होतं. "वाटेतलं वाटेत बघू. आमचं पेठेतलं घर दिवाळीनंतर पाडायचंय. त्याच्या आत येऊन दार काढून घे, बाळ. सागवानी आहे, माझ्या आजोबांनी बसवलेलं."

रविवारी जायचं ठरलंय. माझी पत्नीही सोबत निघालीय.