टोकनसाठी पायथनचं रँडम की सिक्रेट्स?

पासवर्ड रीसेटचं टोकन (रीसेटच्या लिंकमधला गुप्त कोड) बनवायचंय आणि रँडम मॉड्यूल वापरू की सिक्रेट्स असा प्रश्न असेल तर डोळे झाकून सिक्रेट्स घ्या. दोन्हींचं आउटपुट शेजारी ठेवलं तर फरक काहीच दिसत नाही, घोळ तिथेच होतो. 2006 मध्ये डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल नावाच्या एन्क्रिप्शन लायब्ररीतून कोडच्या दोन ओळी काढल्या आणि सीडमध्ये (ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून पुढचे सगळे आकडे निघतात त्यात) जवळपास फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) उरला, म्हणजे एका प्रकारच्या एन्क्रिप्शनच्या की (key) फार तर 32,768 निघणार. तरी हे 2008 पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या की दिसायला एकदम नॉर्मल!

रँडमच्या आत मर्सेन ट्विस्टर नावाचा अल्गोरिदम आहे. आकडे छान पसरलेले येतात, पण 32 बिटचे सलग 624 आकडे कुणी जमवले की आतली सगळी स्टेट (ज्यावरून पुढचे आकडे ठरतात ती) त्याला परत मांडता येते, मग पुढचं टोकन तुमच्या सर्व्हरइतकंच त्यालाही माहीत. जावाच्या साध्या रँडमचं तर अजूनच अवघड, स्टेट 48 बिटची, दोन पूर्ण आकडे दिसले तरी पुरतात.

त्याहून वाईट म्हणजे लोक हौसेने स्वतः सीड देतात, तेही चालू वेळेचं (मीही दिलंय, काय सांगू). आता रीसेटची रिक्वेस्ट हल्लेखोरानेच टाकलेली असते ना, मग वेळ त्याला माहीतच, आणि सीड सेकंदांत असेल तर पुढेमागे एक मिनिट धरलं तरी सव्वाशेच्या आसपास टोकनं ट्राय करायची, बस. टोकन 64 अक्षरी ठेवा नाहीतर 200 अक्षरी, काही उपयोग नाही.

सिक्रेट्स पायथन 3.6 पासून आहे, ते थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून आकडे मागतं, सीडची भानगडच नाही. थोडं स्लो आहे, पण एका टोकनमागे ते जाणवणार पण नाही.

मग रँडम टाकाऊ का? अजिबात नाही, सिम्युलेशन किंवा टेस्ट डेटासाठी तेच हवं, कारण तोच सीड दिला की तेच आकडे परत मिळतात आणि बग पुन्हा पकडता येतो. सिक्रेट्समध्ये ते जमतच नाही.

ओटीपीचं मात्र वेगळंय. सहा आकडी म्हणजे एकूण 10 लाखच शक्यता, त्यामुळे सिक्रेट्सने काढला तरी चुकीच्या प्रयत्नांवर लिमिट नसेल तर स्क्रिप्ट लावून बसणाऱ्याला कुणाचा सीड शोधायची गरजच नाही.