निळी पडलेली पटाशी: पाणी पाण्यात पाजायचं की तेलात?

ग्राइंडरवर पटाशी जरा जास्त दाबली गेली, टोक निळं पडलं की धारेतलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला समजायचं, मग कितीही घासा, सागवानात चार खाचा मारल्या की परत बोथट. नवीन घेण्यापेक्षा परत पाणी पाजलेलं, म्हणजे लाल तापवून झटकन बुडवून कडक केलेलं, परवडतं. मी दोन्हीत करून बघितलंय.

तापवायची पद्धत सेमच. लोहचुंबक चिकटायचं बंद झालं (साधारण 770 अंश) की अजून जरासं तापवायचं आणि सरळ उभं बुडवायचं, आडवं फिरवलं की पातं वाकतं. सावलीत करा, उन्हात लाल रंग कळतच नाही.

पाणी फुकट, धूर नाही, आणि जुन्या कानशीपासून केलेलं वगैरे साधं कार्बन स्टील असेल तर पाण्यात जी कडक धार येते ती तेलात येईलच असं नाही. मीठ टाकलं तर अजून झटकन थंड होतं कारण वाफेचा थर टिकत नाही. गावाकडचे लोहार पाण्यातच पाजतात आणि त्यांचे कोयते काही वाईट नसतात, पण त्यांचा हात बसलेला असतो हो.

माझ्या डोक्यात गेली ती तड. कधी बुडवल्या बुडवल्या 'टिक्' असा आवाज येतो, ते परवडलं, निदान तिथेच कळतं. कधी काहीच आवाज नाही, कानस वरून काचेसारखी घसरते, म्हणजे पातं कडक झालंय, तुम्ही खूश, मग दगडावर लावून लावून धार चकचकीत झाली की केसाएवढी काळी रेघ दिसते, आणि ती कितीही घासली तरी जात नाही. सगळी मेहनत झाल्यावर! गाडीच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) स्टीलला तर पाणी बहुतेक वेळा सोसतच नाही.

तेलात हा ताप मला तरी जवळपास नाही. धूर होतो, मान्य. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, घसा धरतो. मी तळणीचं उरलेलं शेंगदाणा तेल किंचित कोमट करून घेतो, अंगणात भज्यांच्या गाडीसारखा वास सुटतो एवढंच. डबा पत्र्याचाच हवा, झाकण हाताशी ठेवा, पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी अजिबात नाही.

पाणी कशातही पाजा, नंतर ते थोडं उतरवावं, म्हणजे कडकपणा जरा कमी करावा लागतोच, नाहीतर पहिल्याच ठोक्याला टवका उडेल. पॉलिश पेपरने चमकवून मागच्या बाजूने हळूहळू तापवायचं, धारेवर फिकट पिवळा रंग आला की बास. कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्या.

स्टील कुठलं ते माहीत नसेल तर माझ्या मते आधी तेल. कानस चावली, म्हणजे पटाशी मऊच राहिली, तर परत तापवून पाण्यात टाकता येते, तडकलेलीचं मात्र काही होत नाही. आणि पाण्यातही मऊच राहिली तर ते माइल्ड स्टील असणार, कडक व्हायला त्यात पुरेसा कार्बनच नाही, नाद सोडा.